कार्ताज

हिंदी महासागरात व्यापारी जहाज हाकायचे तर पोर्तुगीजांकडून घ्यावा लागणारा लेखी परवाना. ही पद्धत १५०२च्या सुमारास मलबार किनाऱ्यावर सुरू झाली आणि अठराव्या शतकापर्यंत या ना त्या रूपात चालली. पोर्तुगीज साम्राज्य कसे वाढले आणि कसे खचले, हे समजायला लढायांच्या यादीपेक्षा हा कागद अधिक उपयोगी पडतो. रोमची सत्ता जमिनीच्या साऱ्यावर आणि पायदळावर उभी होती. सोळाव्या शतकातल्या पोर्तुगालची लोकसंख्या जेमतेम दहा ते पंधरा लाख. एवढ्या माणसांत आशियात मुलूख जिंकून राखणे शक्यच नव्हते. म्हणून त्यांनी मुलूख सोडून वाट धरली आणि वाटेवर जकात बसवली.

कार्ताजवर जहाजाचे व मालकाचे नाव, नाखुद्याचे (जहाजाच्या कप्तानाचे) नाव, जहाजाचा आकार, खलाशी किती, तोफा-बंदुका किती, कुठून कुठे जायचे, हे सारे लिहिलेले असे. निषिद्ध मालही नोंदवत: मिरी, दालचिनी यांसारखे मसाले, घोडे, तांबे-लोखंड, जहाजबांधणीचे लाकूड, दारूगोळा. तुर्कांना जहाजावर घ्यायची बंदी असे. परवाना ठरावीक सफरीपुरता किंवा मुदतीपुरता चाले. त्याची फी किरकोळ होती. खरी कमाई त्यातल्या अटीत होती. जहाजाने जाता-येता गोवा, दीव किंवा इराणी आखाताच्या तोंडावरचे होर्मूझ अशा पोर्तुगीज बंदरात थांबून जकात भरलीच पाहिजे, ही ती अट. कागद नसलेले, किंवा कागदात नसलेला माल भरलेले जहाज धरले की माल जप्त आणि माणसे कैद. आरंभीचा धाक तर याहून भयंकर होता: १५०२ साली वास्को द गामाने मक्केहून परतणारे यात्रेकरूंचे जहाज बायकामुलांसकट जाळले.

एवढ्या मोठ्या समुद्रावर मूठभर जहाजे पहारा ठेवू शकली याची कारणे दोन. पहिले बांधणीचे. अरबी समुद्रातल्या अनेक तारवांच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या असत. लाटांचा तडाखा अशी शिवण छान सोसते, पण तिच्यावर जड तोफ डागली तर धक्क्याने सांधे सुटतात. पोर्तुगीज जहाजे खिळ्यांची आणि तोफांसाठीच बांधलेली होती. दुसरे कारण वाऱ्याचे. मोसमी वाऱ्यावर चालणारे जहाज कोणत्या महिन्यात कुठून निघणार आणि कुठे पोहोचणार हे सगळ्यांनाच ठाऊक असते. मग समुद्र पिंजायची गरज उरत नाही. समुद्राची अरुंद तोंडे दाबली की पुरे. १५०८ साली चौलच्या खाडीत इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना मार दिला, व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा तिथे पडला. पण ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीवसमोर आल्मेदाने तेच आरमार मोडले. (‘आरमार’ हा शब्दही पोर्तुगीज ‘आर्मादा’वरून आलेला.) त्याच्यामागून आलेल्या अल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा, १५११ मध्ये मलाक्का आणि १५१५ मध्ये होर्मूझ घेतले. इराणी-अरबी घोड्यांचा व्यापार गोव्यात वळवल्यावर विजापूर आणि विजयनगर, दोन्ही दरबारांना गोव्याच्या जकात नाक्याकडे पाहावे लागले.

या साखळीतला एक दुवा मात्र कधीच जोडला गेला नाही. १५१३ साली अल्बुकेर्कने एडनच्या तटाला शिड्या लावल्या. माणसांच्या भाराने शिड्या मोडल्या, हल्ला फसला, आणि तांबड्या समुद्राचे तोंड उघडे राहिले. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या वाटेने मिरी पुन्हा अलेक्झांड्रियाला आणि तिथून व्हेनिसला पोहोचू लागली. मसाल्यांच्या विक्रीसाठी अँटवर्पमध्ये ठेवलेली पोर्तुगीज वखार १५४९ मध्ये बंद झाली. मिरीचा मक्ता पोर्तुगालच्या हाती पूर्णपणे कधी आलाच नव्हता, आणि उतरणीची सुरुवात पोर्तुगालवर स्पेनचा अंमल बसला त्या १५८० पासून मोजणाऱ्यांच्या नजरेतून नेमकी ही गोष्ट सुटते.

भारतीय सत्तांनी कार्ताज नाइलाज म्हणून घेतला. निजामशाही आणि आदिलशाहीने तहांत दरवर्षी काही परवाने मोफत मिळवले. पुढे मुघलांनाही तशी सवलत मिळाली. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली तेव्हा तिलाही कार्ताजच्या वाटाघाटींपायी सुरतेत बराच काळ अडकून पडावे लागले. १५७६ साली तिचे जहाज हलले. या कागदावर येशू आणि मेरी यांची चित्रे असत. असा कागद बाळगूनच समुद्र ओलांडावा लागत असेल तर हज बंधनकारक राहत नाही, असे मत त्या काळच्या एका बड्या मौलवीने दिल्याचे अकबराच्या काळचा इतिहासकार बदायुनी याने नोंदवले आहे.

असा परवाना टिकतो तो देणाऱ्याच्या शब्दावर: कागद असेल तर जहाज सुखरूप जाईल. हाच शब्द पोर्तुगीजांच्या हातून सुटला. ठाण्यावरचा कप्तान साधारण तीन वर्षांसाठी नेमला जाई आणि तेवढ्या मुदतीत पैसा करायचा असे. त्यामुळे निषिद्ध मालाकडे काणाडोळा, स्वतःचा चोरटा व्यापार आणि कागद असूनही अडवणूक, हे नित्याचे झाले. पुढे सतराव्या शतकात कप्तानगिऱ्या उघड विकल्या जाऊ लागल्या. (‘लिलाव’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडूनच आला.) शिपायांचा पगार थकायचा. लिस्बनचे जहाज मार्च-एप्रिलमध्ये सुटले तर सप्टेंबरच्या आसपास गोव्याला लागे. उशीर झाला तर मोझांबिकला महिनोन्महिने अडके आणि तिथे माणसे तापाने मरत. परतीला डिसेंबर-जानेवारीत निघायचे, त्यातही क्षमतेबाहेर माल भरायचा. अशी जहाजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी वादळात फुटत.

१६१३ साली तर कहर झाला. ‘रहिमी’ हे जहांगीरच्या आईचे प्रचंड जहाज रीतसर कार्ताज घेऊन चालले होते. पोर्तुगीजांनी ते सुरतेच्या समुद्रात प्रवाशांसकट पकडून गोव्याला नेले. सुरतेत इंग्रजांना पाय रोवू दिल्याचा राग त्यामागे होता. जहांगीरने दमणला वेढा घातला, आग्र्यातले जेझुइट पाद्र्यांचे चर्च बंद केले आणि व्यापार रोखला. इंग्रजांना दूर ठेवण्यासाठी केलेले हे कृत्य इंग्रजांच्याच पथ्यावर पडले. मालकाला न वाचवणारा कागद आता कोण कशाला घेईल?

तोवर मायदेशही अडचणीत होता. १५७८ मध्ये राजा सेबास्तियन मोरोक्कोतल्या रणात पडला. १५८० पासून ६० वर्षे पोर्तुगालवर स्पेनच्या राजांचा अंमल होता, आणि स्पेनचे वैरी डच व इंग्रज आपोआप पोर्तुगालचेही वैरी झाले. दोघांची जहाजे तोफांची होती. त्यांच्यापुढे कार्ताज दाखवून काय होणार! १६२२ मध्ये होर्मूझ, १६४१ मध्ये मलाक्का, १६५६ मध्ये कोलंबो, १६६३ मध्ये कोची गेले. मस्कत १६५० मध्ये ओमानी अरबांनी घेतले आणि १६६८ मध्ये त्यांनी दीवही लुटले. मुंबई तर पोर्तुगीज राजकन्या आणि इंग्रज राजा यांच्या लग्नाच्या तहातच गेली. १६६५ मध्ये इंग्रजांनी तिचा ताबा घेतला.

कोकण किनाऱ्यावर या पद्धतीचा शेवट ठसठशीत दिसतो. मराठ्यांचे आरमारप्रमुख, सरखेल कान्होजी आंग्रे यांनी आपल्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजांना स्वतःचे दस्तक म्हणजे परवाने घ्यायला लावले. दस्तक नसेल तर जहाज कुलाबा किंवा विजयदुर्गला ओढून नेत. पोर्तुगीजांनी दोनशे वर्षे जे केले तेच आंग्रे करत होते, आणि युरोपीय कागदपत्रांत त्यांना चाचे म्हटले गेले. हा अन्यायच आहे. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून गेले आणि हात हलवत परतले. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी सुरुंग लावून वसईचा तट फोडला. किल्ल्याबरोबर फिरंगाणातली (उत्तर कोकणातल्या पोर्तुगीज मुलखातली) सुमारे ३४० गावे गेली. पुढल्या वर्षीच्या तहात चौलही मराठ्यांकडे आले.