दोन वंशगटांच्या कमाईतल्या फरकाची फोड

अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या कुटुंबांचं मध्यक उत्पन्न (निम्मी कुटुंबं ज्याच्या खाली आणि निम्मी ज्याच्या वर असतात तो आकडा) तिथल्या एकूण कुटुंबांच्या मध्यकापेक्षा जवळपास दुप्पट आहे. आकडा खरा आहे, तिथल्या जनगणना विभागाच्या पाहणीतला आहे. पण तो फिरतो तेव्हा त्याला एक शेपूट जोडलेलं असतं: 'हुशारी आपल्या रक्तातच आहे.' हेच शेपूट उलटं करून कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या कमी उत्पन्नाला लावणारेही पुष्कळ आहेत. दोघांचीही चूक एकच: दोन आकड्यांची वजाबाकी झाली की कारण हाती लागलं, असं ते धरून चालतात. दोन वंशगटांची तुलना हा संख्याशास्त्रातला अतिशय नाजूक प्रकार आहे. वजाबाकी झाल्यावर तिथे खरं काम सुरू होतं.

आधी हा दुपटीचा आकडाच पाहू. हे उत्पन्न माणसाचं नाही, घराचं आहे. ज्या घरात नवराबायको दोघंही इंजिनिअर आहेत ते एक घर, आणि एकट्या पेन्शनरचं घर तेही एकच. म्हणून जाणकार घराचं उत्पन्न घरातल्या माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागतात. चार माणसांच्या घराचा खर्च एकट्याच्या चौपट होत नाही, दुपटीच्या आसपास राहतो, हे त्यामागचं गृहीतक. मग येतं वय. अमेरिकेतल्या हिस्पॅनिक लोकांचं मध्यक वय तिशीच्या आसपास आहे, तर बिगर-हिस्पॅनिक श्वेतवर्णीयांचं चाळिशीच्या मध्यावर. माणसाची कमाई साधारण पंचेचाळीस ते पंचावन्न या वयात शिखरावर असते. त्यामुळे बाकी सगळं समान असलं तरी या दोन गटांच्या सरासरीत फरक पडणारच. तिसरी गोष्ट राहण्याची जागा. भारतीय वंशाचे लोक मोठ्या संख्येने कॅलिफोर्निया, न्यू जर्सी अशा महागड्या राज्यांत आहेत. तिथे पगार जास्त आणि घरभाडंही जास्त.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे चाळणी. अमेरिकेतल्या पंचवीस वर्षांवरच्या भारतीय वंशाच्या दर चार जणांपैकी सुमारे तीन जण पदवीधर आहेत. एकूण अमेरिकनांत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या थोडं वर आहे, आणि भारतात आठ-दहा जणांत एक. हे लोक भारताचा नमुना नाहीत. १९६५ च्या कायद्याने राष्ट्रीयत्वावर आधारलेला कोटा गेला आणि कौशल्य व नातेसंबंध यांवर प्रवेश मिळू लागला. १९९० च्या कायद्याने आलेल्या एच-१बी व्हिसाला तर किमान पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता लागते. जो गट सरकारी अटीनेच पदवीधरांतून निवडला गेला, त्याची सरासरी बघून वंशाबद्दल बोलता येत नाही.

आता या लेखाचा खरा विषय. दोन गटांतल्या दरीपैकी किती भाग गटांच्या घडणीमुळे आहे आणि किती भाग समान पात्रतेच्या माणसांना मिळणाऱ्या वेगळ्या मोबदल्यामुळे, हे वेगळं कसं काढायचं? ही फोड नीट मांडली एव्हलिन किटागावा या शिकागो विद्यापीठातल्या लोकसंख्याशास्त्रज्ञ बाईंनी, १९५५ साली. पुढे १९७३ मध्ये रोनाल्ड वाहाका आणि ॲलन ब्लाइंडर या अर्थशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे तीच कल्पना रिग्रेशनमध्ये, म्हणजे अनेक घटकांचा एका आकड्यावरचा परिणाम वेगवेगळा मोजण्याच्या रीतीत, आणली. रीत इतकी सुंदर आहे की ती कागदावर करूनच बघायला हवी. पुढचे आकडे समजावण्यासाठी घेतलेले, काल्पनिक आहेत.

'अ' गटात ६० टक्के पदवीधर आणि ४० टक्के शाळेपर्यंत शिकलेले. त्यांचे पगार अनुक्रमे ५० आणि २० (हजारांत). सरासरी झाली ३० अधिक ८, म्हणजे ३८. 'ब' गटात ३० टक्के पदवीधर आणि ७० टक्के शाळेपर्यंत शिकलेले. त्यांचे पगार ४० आणि १८. सरासरी १२ अधिक १२.६, म्हणजे २४.६. दरी १३.४.

आता विचारायचं, 'ब' गटाची घडण 'अ' सारखी असती तर? 'अ' गटाचे पगार धरू. पदवीधरांच्या प्रमाणातला फरक ०.३, त्याला ५० ने गुणलं की १५. शाळावाल्यांच्या प्रमाणातला फरक उणे ०.३, त्याला २० ने गुणलं की उणे ६. बेरीज ९. हा घडणीचा हिस्सा. उरलेला मोबदल्याचा: 'ब' मधल्या ०.३ पदवीधरांना प्रत्येकी १० कमी मिळतात म्हणजे ३, आणि ०.७ शाळावाल्यांना प्रत्येकी २ कमी म्हणजे १.४. एकूण ४.४. नऊ अधिक ४.४ बरोबर १३.४, हिशोब जुळला. म्हणजे ६७ टक्के दरी शिक्षणाने 'समजली'.

पण थांबा. 'अ' चे पगार का धरले? 'ब' चे धरून बघा. घडणीचा हिस्सा होतो १२ वजा ५.४, म्हणजे ६.६. मोबदल्याचा हिस्सा 'अ' च्या घडणीने मोजायचा: ०.६ गुणिले १० आणि ०.४ गुणिले २, म्हणजे ६.८. बेरीज पुन्हा १३.४ च. मात्र आता शिक्षणाने समजलेली दरी ४९ टक्के. माणसं तीच, पगार तेच, गणितात कुठेही चूक नाही, तरी एक जण म्हणेल दोन तृतीयांश दरी शिक्षणाची आणि दुसरा म्हणेल निम्मीसुद्धा नाही. दोन उत्तरांमधला २.४ चा फरक येतो तो घडण आणि मोबदला एकाच वेळी वेगळे असल्यामुळे. 'ब' मध्ये पदवीधर कमी आहेत आणि पदवीचं मोलही कमी मिळतं, या दोन गोष्टींचा तो गुणाकार आहे. किटागावांनी यावर काढलेला मार्ग म्हणजे दोन्ही गटांची सरासरी वजनं वापरायची. मग घडणीला ७.८ आणि मोबदल्याला ५.६ असे हिस्से येतात. हाही एक निर्णयच आहे. म्हणून अशा अभ्यासात कोणत्या गटाचा पाया धरला हे लिहिलेलं नसेल, तर टक्केवारीला अर्थ नाही.

प्रत्यक्षात शिक्षण हा एकच रकाना नसतो. वय, अनुभव, राज्य, भाषा, कामाचे तास असे अनेक रकाने असतात. मग दोन्ही गटांसाठी वेगवेगळं रिग्रेशन चालवायचं, प्रत्येक रकान्याचा गुणांक (त्या रकान्यामुळे पगार किती बदलतो तो आकडा) काढायचा आणि वरचीच वजाबाकी प्रत्येक रकान्यासाठी करायची. पगाराचा बहुधा लॉग (लॉगॅरिदम) घेतात, कारण पगारातले फरक टक्क्यांत वाढतात. लॉगमधला ०.२ चा फरक म्हणजे खालच्या गटापेक्षा वरच्याला सुमारे २२ टक्के जास्त, किंवा वरच्यापेक्षा खालच्याला सुमारे १८ टक्के कमी. बातम्यांत या दोन्हींची सर्रास सरमिसळ होते.

इथे एक खाचखळगा आहे, थोडा जड. समजलेल्या हिश्शाची रकानावार वाटणी ठीक असते. पण मोबदल्याच्या हिश्शात 'शिक्षणाचा वाटा किती' हे विचारलं की उत्तर पायाच्या वर्गावर, म्हणजे ज्याच्याशी बाकीच्यांची तुलना होते त्या वर्गावर, अवलंबून राहतं. आपल्या उदाहरणात शाळावाल्यांना पाया धरा. पदवीमुळे मिळणारी वाढ 'अ' मध्ये ३०, 'ब' मध्ये २२, फरक ८, गुणिले ०.३, म्हणजे शिक्षणाचा वाटा २.४ आणि उरलेला २ स्थिरांकात, म्हणजे पायाच्या वर्गाच्या पगारातला फरक. आता पदवीधरांना पाया धरा. स्थिरांकातला फरक होतो १० आणि शिक्षणाचा वाटा उणे ५.६. बेरीज दोन्हीकडे ४.४, पण शिक्षणाचा वाटा एकदा अधिक, एकदा उणे! संगणक हा तक्ता बिनतक्रार छापून देतो. तो वाचून 'पदवीचं मोल न मिळणं हेच मूळ कारण' असा निष्कर्ष काढणारे शोधनिबंध आहेत, आणि तो निष्कर्ष केवळ कोणता वर्ग वगळला यातून आलेला असतो.

याहून घातक चूक म्हणजे जे स्वतःच परिणाम आहे ते कारण म्हणून रकान्यात घालणं. समजा दोन्ही गटांत व्यवस्थापकाला ६० आणि साध्या पदाला ३० मिळतात. 'अ' च्या पदवीधरांपैकी दोन तृतीयांश व्यवस्थापक आहेत, 'ब' च्यांपैकी एक तृतीयांश. सरासरी काढा: बरोबर ५० आणि ४०. आता 'पद' हा रकाना घातला की पदवीधरांमधली दरी शून्य होते, कारण समान पदाला समान पगार आहे. पण बढतीच वंश बघून दिली जात असेल, तर आपण भेदभाव जिथे होतो नेमकी तीच जागा झाकली. बढती अनुभवावर ठरत असेल, तर रकाना योग्य. दोन्ही परिस्थितींत आकडे हुबेहूब सारखेच दिसतात. बढत्या कशा दिल्या जातात हे आकड्यांबाहेर जाऊन शोधावं लागतं.

आणि जे मोजलेच गेले नाहीत त्यांचं काय? पगाराच्या अभ्यासात फक्त पगारदार येतात. अमेरिकेच्या मासिक रोजगार पाहणीत तुरुंगातली माणसं धरत नाहीत, आणि कृष्णवर्णीय पुरुषांचं तुरुंगातलं प्रमाण श्वेतवर्णीयांच्या कित्येक पट राहिलं आहे. कमी कमावू शकणारे असे नमुन्यातून गळाले की उरलेल्यांची सरासरी वर जाते आणि दरी आटल्यासारखी वाटते. पॅट्रिक बायर आणि केरविन चार्ल्स यांनी बिनकमाईचे पुरुषही हिशोबात धरले, तेव्हा मध्यकावरच्या कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय पुरुषांमधली कमाईची दरी २०१४ मध्ये साधारण १९५० इतकीच रुंद निघाली.

एवढं करून जो हिस्सा 'न समजलेला' उरतो, त्याला घाईने नाव दिलं जातं. कोणी म्हणतं भेदभाव, कोणी म्हणतं जनुकं. दोन्ही नावं पुराव्याविना आहेत. तिथे शाळेचा दर्जा असेल, ओळखीपाळखी असतील, मोजमापातली चूकही असेल.

भेदभाव आहे की नाही हे तपासायला वेगळा प्रयोग लागतो. सारख्या पात्रतेचे अर्ज बनवायचे, त्यांवर चिठ्ठ्या टाकल्यासारखी नावं लावायची, प्रत्येक नावगटासाठी वेगळा फोन नंबर ठेवायचा आणि कोणाला बोलावणं येतं ते मोजायचं. मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी बॉस्टन आणि शिकागोत असे सुमारे ५,००० अर्ज पाठवले. २००४ मध्ये छापलेल्या निकालात श्वेतवर्णीय वाटणाऱ्या नावाला दर दहा अर्जांमागे एक बोलावणं आलं, कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावाला दर पंधरामागे एक. भारतात सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. दलित आडनावाच्या पात्र अर्जाला पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याचे ऑड्स (येण्याची शक्यता भागिले न येण्याची शक्यता) सवर्ण आडनावाच्या ०.६७ पट होते, मुस्लिम नावाला ०.३३ पट. या प्रयोगातही एक अडचण असते. नावावरून वंशाबरोबर आर्थिक स्तरही सूचित होतो. म्हणून लोकांना ती नावं आधी दाखवून काय वाटतं ते विचारावं लागतं. शिवाय हा प्रयोग फक्त पहिल्या दाराबद्दल सांगतो, पगाराबद्दल नाही.

रक्ताच्या युक्तिवादाला विज्ञानाचा वेष चढवून विकलं जातं, याचा मात्र संताप येतो. रिचर्ड लेवाँटिन यांनी १९७२ मध्ये दाखवलं की माणसांतल्या जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के एकाच लोकसमूहाच्या आतच सापडते. गटाच्या आत एखादा गुण आनुवंशिक असला, म्हणून दोन गटांमधला फरक आनुवंशिक ठरत नाही. एकाच पोत्यातलं मिश्र बियाणं अर्धं काळ्या रानात आणि अर्धं मुरमाड रानात पेरलं, तर प्रत्येक रानातल्या रोपांच्या उंचीतला फरक बियाण्याचा असेल, पण दोन रानांमधला सगळा फरक जमिनीचा. माणूस किती शिकेल याचा जनुकांवरून अंदाज बांधणारे 'पॉलिजेनिक स्कोअर' प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या नमुन्यांवर बेतलेले आहेत आणि दुसऱ्या वंशगटात त्यांची अचूकता ढासळते. ते वापरून दोन गटांची सरासरी तोलणं निव्वळ थोतांड आहे.

राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सुमारे दोन कोटी मुलांच्या आईवडिलांचं उत्पन्न आणि पुढे त्या मुलांची कमाई जोडून बघितली. समान उत्पन्नाच्या घरांत वाढलेल्या मुलांपैकी कृष्णवर्णीय मुलगे मोठेपणी श्वेतवर्णीय मुलग्यांपेक्षा कमी कमावत होते, आणि हे देशातल्या ९९ टक्के वस्त्यांत दिसलं. पण त्याच घरांतल्या मुलींच्या वैयक्तिक कमाईत जवळजवळ फरक नव्हता. वंश तोच, आईवडील तेच. कारण रक्तात असतं तर ते बहिणींना सोडून भावांनाच कसं लागलं?

उत्पन्नाच्या दरीवरून संपत्तीच्या दरीचा अंदाज बांधू नये, कारण संपत्ती साचत जाते आणि वारशाने येते. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत श्वेतवर्णीय कुटुंबाची मध्यक संपत्ती सुमारे २,८५,००० डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४४,९००. गुलामगिरीच्या अखेरीस, १८६० मध्ये, दरडोई संपत्तीचं गुणोत्तर साठास एकच्या आसपास होतं. १९२० पर्यंत ते दहास एकवर आलं आणि आज ते सहास एकच्या जवळपास घोटाळतं आहे. कृष्णवर्णीय कुटुंबांची संपत्ती मुख्यतः राहत्या घरात अडकलेली असते, श्वेतवर्णीयांच्या संपत्तीत शेअर्सचा वाटा मोठा. १९८० नंतर शेअर्सच्या किमती घरांच्या किमतींपेक्षा वेगाने वाढल्या. अशा काळात दोन्ही गटांचे पगार समान वेगाने वाढले, बचतीचं प्रमाण समान राहिलं, तरीही संपत्तीतलं अंतर वाढू शकतं.