नुसता सेंटरच का वाजतो? स्टिरिओ गाणी आणि सराउंडच्या मोडचा जुना इतिहास

मागच्या महिन्यात दादरला मामांकडे रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा अँप्लिफायर) बसवला, पाच स्पीकर नि एक सबवूफर, आणि मामांनी पहिलं काय लावलं तर रेडिओच्या जमान्यातलं एक भावगीत. झालं! आवाज फक्त टीव्हीखालच्या सेंटरमधून, बाकीचे चार गप्प. "अरे, दुकानदाराने टोपी घातली का रे?" टोपी वगैरे काही नव्हती, गाणं मोनो होतं, म्हणजे डावीकडे-उजवीकडे एकच आवाज, मोड प्रो लॉजिकचा (दोन चॅनलचा आवाज सगळ्या स्पीकरांत वाटणारा) लागला होता आणि रिसीव्हर त्याला शिकवलंय तेच इमानदारीत करत होता.

हे त्याला शिकवलं सिनेमाने, संगीताने नाही, आणि सगळा घोळ तिथूनच आहे. स्टिरिओ म्हणजे दोनच चॅनल, डावा नि उजवा वेगळा आवाज, ब्लूमलाइन नावाच्या ब्रिटिश इंजिनियरने १९३१ सालीच त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, रेकॉर्ड दुकानात यायला मात्र १९५८ उजाडलं. घरात मधोमध बसून गाणी ऐकायला दोन स्पीकर पुरतात. थिएटरात कडेच्या खुर्चीवाल्याला मात्र हिरोचा डायलॉग जवळच्या भिंतीतून ऐकू येतो, म्हणून पडद्यामागे मधला स्पीकर लागतो, शिवाय पाऊस-वादळासाठी मागचे. ७० एमएमच्या प्रिंटवर चुंबकीय पट्ट्या असायच्या त्यामुळे तिथे हे जमायचं (मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात शोले बघितलेले लोक अजून त्या आवाजाबद्दल बोलतात), पण ती प्रिंट महाग, साध्या ३५ एमएमला परवडणारी नाही.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर डॉल्बी स्टिरिओ आलं आणि त्यात जुगाड केला तो असा, की फिल्मच्या कडेला आवाजाच्या दोनच पट्ट्या पण त्यात चार चॅनल कोंबायचे. डावं-उजवं आपापल्या जागी, मधलं दोन्हीत सारखं, आणि मागचं दोन्हीत पण एकमेकांच्या उलट फेजमध्ये, म्हणजे एकाची लाट वर तेव्हा दुसऱ्याची खाली. हे परत वेगळं करणारा डीकोडर काय बघतो, दोन्हीकडे सारखं असलं की सेंटरला, उलट असलं की मागे. मोनो गाण्यात दोन्ही बाजू शंभर टक्के सारख्या, मग सगळं सेंटरलाच जाणार ना! आणि नुसत्या स्टिरिओ गाण्यात कुणी मुद्दाम काही कोंबलेलं नसतं, तरी हा शोधत बसतो, गायिका मधे आणि तिच्या आवाजाचा घुमारा मागे पाठवतो, कधी छान वाटतं तर कधी तबला सोफ्यामागून येतो.

हेच घरात आलं १९८२ ला डॉल्बी सराउंड म्हणून, १९८७ ला प्रो लॉजिक. त्यात मागे डबे दोन असले तरी चॅनल एकच, तोही ७ किलोहर्ट्झला कापलेला, म्हणजे वरचे बारीक आवाज गायब, म्हणून गाणी मागून गोधडीतून आल्यासारखी वाटायची. मागचा आवाज साधारण १५ ते ३० मिलिसेकंद उशिरा सोडायचे, कारण कान आधी आलेल्या आवाजाची दिशा पकडतो. मुंबईच्या हॉलमध्ये सोफा भिंतीलाच टेकलेला, मागचा स्पीकर कानापासून हातभर, आवाजाला मीटरभर जायला ३ मिलिसेकंद पुरतात, त्यामुळे रिसीव्हरमध्ये स्पीकरची अंतरं (त्यावरूनच तो उशीर ठरवतो) खरी भरली नाहीत तर आपल्याकडे जास्तच बोंब होते. व्हीसीडीच्या काळात लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून सेट आणणाऱ्या किती जणांनी ते भरलं असेल देव जाणे.

संगीताचा विचार नीट झाला तो २००० च्या प्रो लॉजिक टूमध्ये, जिम फॉसगेट यांचं काम. मागचे दोन चॅनल वेगळे झाले, कापाकापी गेली, आणि म्युझिक मोड आला. त्यातलं सेंटर विड्थ वाढवलं की मधला आवाज हळूहळू डाव्या-उजव्यात पसरतो, डायमेन्शनने सगळं पुढे-मागे सरकतं. मग २०१४ च्या सुमारास अ‍ॅटमॉसबरोबर (डॉल्बीची डोक्यावरूनही आवाज देणारी पद्धत) नवा अपमिक्सर, म्हणजे दोन चॅनलचे जास्त चॅनल करणारा मोड, आला आणि त्याला नाव परत तेच १९८२ चं, डॉल्बी सराउंड! मेन्यू बघून माणूस गोंधळणार नाही तर काय.

मामांना भावगीतांसाठी साधा स्टिरिओ मोड लावून दिला. डायरेक्ट (आवाजावर काहीच प्रक्रिया न करणारा मोड) नाही, कारण बऱ्याच रिसीव्हरमध्ये त्यात सबवूफर बंद पडतो आणि मामांचे छोटे स्पीकर एकदम किरटे वाजतात. त्यांना स्वतःला आवडलाय तो ऑल चॅनल स्टिरिओ, ज्यात डोकं काहीच नाही, तेच डावं-उजवं मागेपण वाजतं. गणपतीत आरतीला तोच लावणार म्हणाले, स्वयंपाकघरातसुद्धा ऐकू येतो.