स्टॉक की कस्टम? अबटमेंटच्या वादामागे काय आहे

जबड्याच्या हाडात बसवलेले कृत्रिम मूळ म्हणजे इम्प्लांट, आणि त्याला वरच्या दाताशी जोडणारा भाग म्हणजे अबटमेंट. तो कारखान्यातला तयार (स्टॉक) घ्यायचा की त्या रुग्णापुरता घडवलेला (कस्टम), हा वाद सुरुवातीला नव्हताच. 1965 पासून पुढची कित्येक वर्षे टायटॅनियमची इम्प्लांट बसायची ती मुख्यतः बोळक्या जबड्यात. तेव्हाची अबटमेंट म्हणजे हिरडीतून वर आलेली सरळ नळकांडी, त्यांवर स्क्रूने आवळलेला अख्खा ब्रिज. धातू दिसली तरी ओठाआड जायची.

एकट्या दाताची, त्यातही समोरच्या दाताची मागणी वाढली तेव्हा फाटे फुटले. 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात मेणात घडवून सोन्याच्या मिश्रधातूत ओतलेले अबटमेंट आले. आपल्याकडे सोने परवडेना, म्हणून अनेक डेंटल लॅबनी नुसती प्लास्टिकची नळी वापरून ते निकेल-क्रोम किंवा कोबाल्ट-क्रोममध्ये ओतले. अशा ओतकामाची बैठक कारखान्यात कातलेल्या भागासारखी चपखल बसत नाही. स्क्रू ढिले होतात. पुण्यातल्या एखाद्या जुन्या दंतवैद्याने ‘कस्टम’ म्हणताच कपाळाला आठ्या घातल्या, तर त्याचे मूळ इथे शोधावे.

मग स्टॉक सोयीचे झाले: सरळ, 15 अंश किंवा 25 अंश कललेले, हवे तेवढे घासायचे आणि कॅप सिमेंटने चिकटवायची. खरी गोम या सिमेंटात आहे. हिरडीची कड सपाट नसते. पुढून ती खाली उतरते, दोन दातांच्या मध्ये वर चढते. स्टॉकची कड, म्हणजे जिथे कॅप टेकते ती, मात्र सगळीकडून एकाच उंचीवर. पुढून ती हिरडीखाली जेमतेम 1 मिमी दडवली, तर बाजूंना 3 मिमी किंवा त्याहूनही खोल जाते. तिथे पिळून निघालेले सिमेंट ना डोळ्यांना दिसते ना हत्याराला सापडते. काही सिमेंट तर एक्स-रेतही उमटत नाहीत. 2009 मध्ये दुर्बिणीतून केलेल्या तपासणीचे निष्कर्ष आले. सूज, रक्त, पू अशा खुणा असलेल्या इम्प्लांटपैकी 81 टक्क्यांभोवती जादा सिमेंट होते, आणि ते काढल्यावर 74 टक्क्यांच्या खुणा गेल्या. खुणा असलेली इम्प्लांट पन्नासच्या आत होती, तरी कस्टमवाल्यांना कोलीतच मिळाले. त्यात अर्धे सत्य आहे. हिरडीच्या चढउतारानुसार कातलेली कड वरच राहते, हे खरे. पण दिसू नये म्हणून कस्टमची कडही खोल नेली, तर सिमेंट तिथेही अडकतेच.

दरम्यान ओतकाम मागे पडले आणि संगणकावर आखून टायटॅनियम कातणे आले. समोरच्या दातांत करडी छटा नको म्हणून झिर्कोनिया हे पांढरे सिरॅमिक आले. ते अखंड असले की जोडापाशी तडकायचे, म्हणून खाली टायटॅनियमचा तयार बेस आणि वर त्या रुग्णापुरते कातलेले झिर्कोनिया, दोन्ही लॅबमध्येच चिकटवलेले. सिमेंट तोंडाबाहेरच साफ होते, कॅप स्क्रूने बसते. हे स्टॉक की कस्टम? लॅबच्या बिलावर बहुधा ‘कस्टम’ लिहिलेले असते, मग इम्प्लांटला टेकणारा भाग पाकिटातून काढलेला का असेना.

पूर्वी मापाचा ट्रे दुचाकीवरून लॅबला पोचायचा. आता अनेक ठिकाणी स्कॅनची फाइल जाते. त्यामुळे कस्टमचा वेळ आणि खर्च खाली आला, आणि भांडण बेसवर सरकले आहे: इम्प्लांट कंपनीचाच घ्यायचा, की त्याच मापाचा म्हणून विकला जाणारा स्वस्तातला. रुग्णाला दिलेल्या कोटेशनमध्ये हा फरक सहसा लिहिलेला नसतो.