रोगाभ्यासातील जैवमाहितीशास्त्र आणि मशीन लर्निंग

मानवी रोगांची कारणे, त्यांचे उपप्रकार आणि रुग्णागणिक बदलणारी त्यांची वाटचाल यांचा शोध जनुके व प्रथिने यांविषयीच्या विपुल माहितीतून संगणकाच्या साहाय्याने घेणारी संशोधनशाखा. ही माहिती साठवणे, जुळवणे आणि तिचा जैविक अर्थ लावणे हे जैवमाहितीशास्त्राचे काम आहे; मशीन लर्निंगमध्ये संगणकाला तयार नियम न देता उदाहरणे दिली जातात आणि त्यांतून तो स्वतःच नियम शोधतो.

मानवी जीनोममध्ये, म्हणजे पेशीतील संपूर्ण जनुकीय संचात, सुमारे ३०० कोटी आधारक-जोड्या (डीएनएतील रासायनिक ‘अक्षरां’च्या जोड्या) आणि प्रथिनांसाठीची सुमारे २०,००० जनुके आहेत. सिकलसेलसारख्या रोगाचे मूळ एकाच आधारकाच्या बदलात सापडते. मधुमेह किंवा हृदयविकार यांत मात्र शेकडो जनुकीय बदलांचा अल्पअल्प वाटा असतो आणि त्यात राहणीमानाची भर पडते. असे विखुरलेले धागे नुसत्या निरीक्षणाने हाती लागत नाहीत.

या क्षेत्रातील १९९९ चा एक प्रयोग आजही अभ्यासण्याजोगा आहे. संशोधक टॉड गोलब आणि सहकाऱ्यांनी तीव्र रक्तकर्करोगाच्या ३८ रुग्णांच्या अस्थिमज्जेतील ६,८१७ जनुकांची सक्रियता मोजली आणि त्यांतील ५० जनुकांच्या आधारे रोगाचे दोन प्रकार वेगळे ओळखणारी पद्धत तयार केली. नंतर ३४ नव्या नमुन्यांवर ती तपासली असता २९ नमुन्यांबाबत तिने ठाम निर्णय दिला व ते सर्व बरोबर ठरले. उरलेल्या पाचांबाबत तिने ठाम निर्णय दिला नाही, आणि रुग्णाच्या दृष्टीने हा संयमही तितकाच मोलाचा आहे.

मात्र रुग्ण ३८ आणि मोजमापे हजारो, ही विषमताच या शाखेची मुख्य अडचण आहे. इतक्या मोजमापांत काही जनुके केवळ योगायोगानेही रोगाशी जुळलेली दिसतात, आणि संगणक तो योगायोगच नियम म्हणून पाठ करतो. रुग्णांचे नमुने एका प्रयोगशाळेत व निरोगी व्यक्तींचे दुसरीत तपासले गेले असतील, तर यंत्र रोगाऐवजी प्रयोगशाळांमधील फरक ओळखायला शिकते आणि तरीही त्याचे गुण उत्तम दिसतात. म्हणून पद्धत घडवताना न वापरलेल्या, शक्यतो दुसऱ्या रुग्णालयातील नमुन्यांवर ती पडताळल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवू नये. आढळलेला संबंध हे कारणच आहे का, हे पुढे पेशींवरील प्रयोगांसारख्या वेगळ्या पुराव्यांतून ठरते.

प्रथिनांच्या रचनेचे भाकीत करणाऱ्या अल्फाफोल्ड या संगणकप्रणालीमुळे या शाखेला मोठे बळ मिळाले. त्यासाठी डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा भाग मिळाला. त्याच धर्तीच्या अल्फामिसेन्सने २०२३ मध्ये प्रथिनातील एक अमिनो आम्ल (प्रथिनाचा घटक) बदलणारे सुमारे ७.१ कोटी संभाव्य जनुकीय बदल रोगकारक ठरू शकतात का, याचे मूल्यमापन केले.

उपलब्ध जनुकीय माहितीत युरोपीय वंशाच्या लोकांचा वाटा फार मोठा आहे. परिणामी तिच्यावरून काढलेले रोगधोक्याचे अंदाज आफ्रिकी व दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना कमी अचूकपणे लागू पडतात, आणि ही उणीव केवळ गणित सुधारून भरून निघणारी नाही. त्यासाठी त्या लोकसमूहांचे नमुनेच अभ्यासात यावे लागतात.