पट्टा लावला, पण हूक कुठे?

2 मीटर उंची म्हणजे दरवाजाची चौकट. तिथून पाय सुटला तर जमीन गाठायला 0.64 सेकंद लागतात आणि आदळताना वेग ताशी 22 किलोमीटरच्या वर गेलेला असतो. अचानक काही घडलं की सावध, धडधाकट माणसालाही हालचाल सुरू करायला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात शरीर 30 सेंटिमीटर खाली गेलेलं असतं आणि ताशी 9 किलोमीटरच्या वेगाने निघालेलं असतं. ‘तोल गेला तर पाइप धरेन की’ हे बांधकामावर हमखास ऐकू येणारं वाक्य या पाव सेकंदात निकालात निघतं. हात पोहोचेपर्यंत पाइप वर राहिलेला असतो.

म्हणूनच उंचीवरच्या कामाचे नियम विसाव्या मजल्यापासून सुरू होत नाहीत. अमेरिकेत बांधकामासाठी ही रेषा 6 फुटांवर, म्हणजे 1.8 मीटरवर आहे. ब्रिटनमध्ये पूर्वी 2 मीटरचा आकडा होता; 2005च्या नियमांनी तो काढून टाकला आणि जिथून पडल्यास इजा होऊ शकते ती प्रत्येक जागा ‘उंची’ ठरवली. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं. आकडा दिला की लोक त्याच्या दहा सेंटिमीटर खाली उभं राहून निर्धास्त होतात.

आता पट्टा, म्हणजे साइटवरच्या भाषेत सेफ्टी बेल्ट. तो पडणं थांबवतो असा सर्वसाधारण समज आहे. खरं तर माणूस पडतोच. पट्टा फक्त शेवटचा धक्का सोसण्याजोगा करतो, आणि तोही सगळं जुळून आलं तर. हिशेब साधा आहे. अवजारांसह 100 किलो वजनाचा माणूस 2 मीटर पडला आणि न ताणणाऱ्या दोरीने त्याला 10 सेंटिमीटरमध्ये थांबवलं, तर शरीरावर सरासरी 2 टनांहून जास्त वजनाइतका जोर येतो. तेच थांबणं 1 मीटरभर लांबवलं तर जोर सुमारे 300 किलोंवर उतरतो. माणूस तोच, पडणंही तेवढंच, फरक फक्त थांबायला मिळालेल्या अंतराचा.

हे अंतर मिळवून देण्याचं काम पट्ट्याला जोडलेल्या दोरीवरच्या त्या छोट्या, जाडसर पुडक्याचं असतं. पुष्कळांना ते निव्वळ ओझं वाटतं. त्यात एक मजबूत पट्टी घडी घालून शिवलेली असते. झटका बसला की शिवण टाक्यामागून टाका उसवत जाते आणि प्रत्येक टाका तुटताना थोडी ऊर्जा खातो. युरोपीय मानकानुसार या पुडक्याने, म्हणजे ऊर्जा-शोषकाने, जोर 6 किलोन्यूटनच्या, म्हणजे साधारण 600 किलो वजनाच्या वर जाऊ द्यायचा नसतो आणि स्वतः 1.75 मीटरपेक्षा जास्त लांबायचं नसतं. एकदा उसवलेलं पुडकं पुन्हा शिवून वापरायचं नसतं. ते थेट भंगारात. हा झटका शरीरावर कुठे बसतो हेही महत्त्वाचं. नुसता कमरेचा पट्टा असेल तर शरीर मधोमध दुमडतं आणि सगळा भार पोट व कण्यावर येतो. अमेरिकेने 1 जानेवारी 1998पासून पडणं झेलण्यासाठी कमरेच्या पट्ट्याला बंदी घातली. खांदे आणि मांड्यांभोवती फिरणारा, पाठीवर कडी असलेला हार्नेस हा भार मांड्या, नितंब आणि खांद्यांवर वाटून देतो.

खरी गोम मात्र दोरीच्या दुसऱ्या टोकाचा हूक कुठे अडकवला यात असते. समजा, सेंट्रिंगचा, म्हणजे स्लॅबचा साचा उभारणारा, कामगार स्लॅबच्या कडेला उभा आहे, दोरी 2 मीटरची आहे आणि हूक त्याने पायाशीच, स्लॅबमधून वर आलेल्या सळईला लावला आहे. पाठीवरची कडी पायापासून अंदाजे दीड मीटर वर. तो पडला की ही कडी आधी दीड मीटर खाली स्लॅबच्या पातळीला येते, मग आणखी 2 मीटर जाते, तेव्हा कुठे दोरी ताठ होते. म्हणजे दोरी 2 मीटरची, पण मोकळं पडणं साडेतीन मीटर! त्यापुढे शोषक उसवत जाणार, कमाल 1.75 मीटर. कडीच्या खाली लोंबणाऱ्या शरीराचे दीड मीटर, शिवाय निदान 1 मीटर तरी राखीव. स्लॅबच्या पातळीपासून खाली, दोरीचे 2 मीटर धरून, बेरीज 6.25 मीटर. स्लॅब जमिनीपासून 3 मीटरवर असेल तर पट्टा नियमाप्रमाणे घातलेला, हूकही लावलेला, आणि माणूस जमिनीवर. कमी उंचीवर पट्टा जास्त बेभरवशाचा ठरतो ही गोष्ट मनाला पटायला जरा जड जाते. तोच हूक डोक्यावर लावला असता तर कडी जेमतेम दोरीच्या सैल भागाइतकीच खाली आली असती.

आणि सळईच का, असाही प्रश्न आहेच. अमेरिकी नियमात हूक अडकवण्याच्या जागेने माणशी 5000 पौंड, म्हणजे सुमारे 2270 किलोंचा भार पेलायला हवा असं म्हटलं आहे. खिडकीची चौकट, सांडपाण्याचा पाइप, परांचीचा सैल आडवा वासा यातलं काहीही त्या परीक्षेला उतरत नाही. स्लॅबच्या धारदार कडेवर घासणारी दोरी हा आणखी एक छुपा धोका. ताण आलेली दोरी कडेवरून आडवी सरकली की कापली जाते.

हूक वर लावला तरी काम करताना माणूस बाजूला सरकत राहतो. समजा हूक वर आहे, दोरी ताणून 5 मीटर झाली आहे आणि गिलावा करणारा हूकच्या सरळ रेषेपासून 4 मीटर बाजूला गेला आहे. पाय सुटला तर तो सरळ खाली न जाता झोका घेत मधोमध येतो. त्या झोक्यात तो 2 मीटर खाली उतरतो, म्हणून तळाशी वेग तोच, ताशी 22 किलोमीटर. वाटेत खांब किंवा भिंत असली तर धडक तेवढ्याच वेगाने, फक्त आडवी. इथे शोषकाचा उपयोग नाही, कारण धडक दोरीला बसतच नाही.

समजा सगळं नीट झालं आणि माणूस हवेत लटकला. अजून तो वाचलेला नसतो. आपण चालतो, उभे राहतो तेव्हा पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावून पायांतलं रक्त वर ढकलत असतात. निश्चल लटकलेल्या शरीरात हे काम थांबतं, मांडीचे पट्टे शिरा दाबतात, रक्त पायांत साचत जातं आणि काही मिनिटांत भोवळ येऊ शकते. म्हणून लटकलेल्याने पाय हलवत राहायचे, हार्नेसला पायरीसारखा फास असेल तर त्यात पाय रोवून उभं राहायचं, आणि त्याला खाली कोण, कशाने उतरवणार हे कामाच्या आधीच ठरलेलं असायला हवं. ‘अग्निशमन दलाला फोन करू’ ही योजना नव्हे. सुटका झालेल्याला आडवं न करता बसवून ठेवावं, असं पूर्वी सांगत. ब्रिटनच्या सुरक्षा यंत्रणेने 2009 साली उपलब्ध पुरावे तपासून घेतले तेव्हा त्या सल्ल्याला आधार सापडला नाही. नेहमीचेच प्रथमोपचार करावेत असं आता सांगितलं जातं.

एवढं सगळं जुळून यावं लागतं म्हणूनच नियमांच्या उतरंडीत पट्टा तळाशी आहे. सर्वांत आधी, उंचीवर जायचं टाळता येतं का हे पाहायचं: जोडकाम जमिनीवर करून तयार भाग क्रेनने वर चढवता येईल का? नाही, तर कठडा. कठडा प्रत्येकाला सांभाळतो. नवख्यालाही, दमलेल्यालाही, हूक लावायला विसरलेल्यालाही. त्यानंतर जाळी.

जाळीचं मोल सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर दिसलं. 1936 साली पुलाच्या रस्त्याखाली जाळी ताणली गेली आणि पडलेले 19 कामगार तिने झेलले. पण 17 फेब्रुवारी 1937 रोजी कामाचा एक अवजड मंचच सुटून जाळीवर कोसळला, जाळी फाटली आणि 10 जण दगावले. जाळी माणसांसाठी होती, मंचासाठी नव्हती.

शिडीचा नियम सगळ्यांना पाठ असतो: 4 मीटर उंचीला पाय भिंतीपासून 1 मीटर लांब. यामागचं गणित छोटं आणि सुंदर आहे. गुळगुळीत भिंतीला टेकलेल्या शिडीचं स्वतःचं वजन बाजूला ठेवलं, तर माणूस टोकाजवळ पोहोचला असताना ती न घसरण्यासाठी जमिनीशी घर्षणाचा गुणांक निदान पाव हवा. पाय 2 मीटर लांब ठेवले तर अर्धा, आणि ओल्या लादीवर तेवढा मिळेलच असं नाही. माणूस खालच्या पायऱ्यांवर असताना गरज कमी असते, वर जाईल तशी वाढते. म्हणून शिडी चढायला सुरुवात करताना हलत नाही आणि टोकाला गेल्यावर निसटते.

वाऱ्याचंही असंच. त्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 43 किलोमीटरच्या वाऱ्यात 8 बाय 4 फुटांचा प्लायवूड समोरून आडवा आला तर त्यावर सुमारे 30 किलोंचा ढकल बसतो. वारा दुप्पट झाला तर चौपट. स्लॅबच्या कडेला प्लाय उचलून उभ्या असलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

खाली उभे असलेले लोक हेल्मेटच्या भरवशावर असतात. युरोपीय मानकात हेल्मेटची धक्का-चाचणी 49 ज्यूलची असते: 5 किलोचं वजन 1 मीटरवरून. 1 किलोचा हातोडा 20 मीटरवरून निसटला तर त्याच्यात 196 ज्यूल असतात, चौपट. म्हणून परांचीच्या फळ्यांना पायाशी उभी पट्टी ठोकायची, अवजार मनगटाला दोरीने बांधायचं आणि खालची जागा रिकामी ठेवायची.

प्लायवूडमुळे होणारा आणखी एक अपघात आहे. लिफ्टच्या किंवा पाइपांच्या डक्टसाठी स्लॅबमध्ये सोडलेलं भोक कुणीतरी प्लाय टाकून झाकतं. दुसऱ्या दिवशी कुणाला तरी तोच प्लाय हवा असतो. तो दोन्ही हातांनी प्लाय समोर उभा धरतो आणि चालू लागतो. प्लायमुळे पुढचं काही दिसत नाही, आणि पहिलंच पाऊल त्याने आत्ताच उघड्या केलेल्या भोकात पडतं. म्हणून झाकण नुसतं ठेवलेलं चालत नाही. ते खिळ्यांनी ठोकलेलं हवं, त्यावर ‘खाली भोक आहे’ असं रंगाने ठळक लिहिलेलं हवं, आणि वरून जाणारी माणसं, अवजारं, माल यांच्या एकूण वजनाच्या दुप्पट भार त्याने पेलायला हवा.