गळ टाकायला जागा मोकळी करताना पाण्याखाली काय घडतं

पावसाळा सरला की नागपूरभोवतीच्या तलावांचे काठ पाणवनस्पतींनी गच्च होतात. गळ टाकला की अडकतो आणि ओढला की हिरवा गुंताच हाती येतो. मग बरेच जण विळा घेऊन दिसेल ते सगळं छाटून टाकतात. माझं सांगणं एवढंच आहे की काढा, पण थोडंच काढा, आणि काय काढतोय ते आधी ओळखा. कारण मासा काठाशी येतो तो या वनस्पतींमुळेच. उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं, पानांवर सूक्ष्म शैवालाचा थर धरतो, त्यावर गोगलगायी आणि किड्यांच्या अळ्या पोसल्या जातात. मृगळ तळाशी चरतो, रोहू मधल्या पाण्यात फिरतो आणि मरळ पानांच्या कडेला दबा धरून बसतो.

आधी एक फांदी काढून हातात घ्या. देठाभोवती चार-पाच अरुंद पानांचं कडं असेल आणि बोटांतून ओढताना पानाची कड खरखरीत लागली, तर तो हायड्रिला. पानांना टोकाकडे दोन-दोन फाटे फुटलेले असतील आणि खाली मूळच नसेल, तर ते सेराटोफायलम. हा फरक महत्त्वाचा आहे. सेराटोफायलमला मुळं नसतात, त्यामुळे दाताळ्याला अख्खा झुबका लागून येतो. हायड्रिलाचं तसं नाही. त्याचे बारके कंद गाळात काही वर्षं जिवंत राहतात आणि तुटलेल्या एका पेरातूनही नवं रोप उभं राहतं. अनुकूल पाण्यात त्याची फांदी दिवसाला अडीच सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते. म्हणजे गुडघाभर पाण्यात विळ्यानं वरवर कापलेली जागा दोन-तीन आठवड्यांत पुन्हा बुजते, आणि कापताना पडलेले तुकडे तलावभर पसरतात ते वेगळंच.

म्हणून विळ्यापेक्षा दाताळं बरं. दोन दाताळ्यांची डोकी पाठीला पाठ लावून तारेनं घट्ट बांधायची, त्यांना मजबूत दोर लावायचा, पाण्यात फेकून तळाला बसू द्यायचं आणि सावकाश ओढायचं. दात कोणत्याही बाजूनं पडले तरी मुळाशी रुततात. पाण्यात उतरायची गरज पडत नाही, आणि ते उत्तमच, कारण गाळात पाय फसून वनस्पतींत गुंतला तर सोडवणं कठीण होतं.

हे काम कधी करायचं, हे ऑक्सिजनवर ठरतं. दुपारी हायड्रिलाची पानं जवळून पाहिली तर त्यांना बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. प्रकाशसंश्लेषणातून सुटणारा हा ऑक्सिजन. रात्री मात्र वनस्पती, मासे आणि गाळातले जिवाणू सगळेच तो वापरतात आणि नवा तयार होत नाही. त्यामुळे दाट वाढलेल्या काठावर ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो सूर्योदयाच्या आसपास. त्यात पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. २० अंश सेल्सियसला एका लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. पहाटे रोहू तोंड वर काढून पाणी ढवळताना दिसतो तो यामुळेच. मरळीला त्याची झळ कमी बसते, कारण ती वर येऊन थेट हवा घेते.

अशा वेळी गाळ ढवळला तर त्यातला कुजका पाला आणि सल्फाइडं (गंधकाची संयुगं) उरलासुरला ऑक्सिजनही खाऊन टाकतात. सडक्या अंड्यासारखा वास आला तर समजावं की तळाशी ऑक्सिजन नव्हताच. म्हणून दाताळं चालवायचं ते ऊन चांगलं वर आल्यावर, आणि गळ टाकायचा दुसऱ्या दिवशी. तोवर गाळ खाली बसतो. ढवळलेल्या तळात लाल अळ्या उघड्या पडतात, त्यांच्या मागे मृगळ येतो, आणि तुमचं ढेपेचं आमिष पानांवर लोंबकळत न राहता त्याच्या तोंडापर्यंत पोचतं.

जागा दोन मीटर रुंद आणि तीन-चार मीटर लांब एवढी पुरते. दोन्ही बाजूंची वाढ तशीच ठेवा. माशाला उघड्या पाण्यापेक्षा ही कड हवी असते, कारण आडोसा आणि खाणं दोन्ही तिथं मिळतं. ओढून आणलेला ढीग तास-दीड तास पाण्याच्या अगदी कडेला राहू द्या, म्हणजे त्यातल्या गोगलगायी आणि चतुराच्या अळ्या परत पाण्यात जातील. मग तो बांधाच्या पलीकडे न्या. पाण्यात सोडला तर तिथंच कुजतो, ऑक्सिजन खातो आणि त्यातला फॉस्फरस पुन्हा पाण्यात मिसळतो.

सगळा काठ साफ केला तर काय होतं? डच शास्त्रज्ञ मार्टेन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवलं की उथळ तलावाच्या दोन स्थिर अवस्था असू शकतात. एकीत पाणी नितळ आणि तळाशी वनस्पती, दुसरीत पाणी गढूळ आणि शैवालानं हिरवं. वनस्पती गाळ धरून ठेवतात, पोषकद्रव्यं शोषतात. त्या गेल्या की तलाव दुसऱ्या अवस्थेत घसरू शकतो आणि तिथून परत आणणं फार अवघड. तलावात गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडून प्रश्न मिटवू पाहणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. १९५९ मध्ये भारतात आणलेला हा मासा भरपूर संख्येनं सोडला तर तलावातली वनस्पती पार संपवू शकतो.

जलपर्णीची गोष्ट वेगळी. नागपूरच्या अंबाझरी तलावावर गेल्या काही वर्षांत पसरली ती हीच. ती पाण्यावर तरंगते, ऊन अडवते, सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांवर फोफावते आणि दोनेक आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. ही हाताला लागेल तेवढी काढावी.

दोन गोष्टींना मात्र हात लावू नका. चौकोनी, दातेरी पानांची चक्री पाण्यावर पसरलेली आणि पानांचे देठ फुगलेले दिसले, तर तो शिंगाडा आहे. ते कुणा ढिवराचं पीक असतं. आणि पावसाळ्यात पृष्ठभागाजवळ तांबूस-नारिंगी पिल्लांचा घोळका एकत्र हलताना दिसला, तर ती मरळीची पिल्लं. आईबाप खालीच राखण करत असतात. तिथं दाताळं नको आणि गळही नको, दुसरी जागा शोधा. घरी जाण्यापूर्वी दोर, दाताळं आणि चपला धुऊन कडक उन्हात वाळवा, नाहीतर हायड्रिलाचं एखादं पेर तुमच्याबरोबर पुढच्या तलावात पोचेल.