चार्ल्स होम्स हर्टी

हर्टी, चार्ल्स होम्स : (४ डिसेंबर १८६७–२७ जुलै १९३८). अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ, प्राध्यापक व जॉर्जिया विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे पहिले प्रशिक्षक. जन्म जॉर्जिया राज्यातील मिलेजव्हिल येथे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्यांनी १८९० मध्ये पीएच.डी. मिळवली आणि जॉर्जिया विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवायला सुरुवात केली.

तिथे त्यांनी विद्यार्थ्यांचा संघ उभा केला. हा फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचा अमेरिकन खेळ. चेंडू पुढे फेकायला तेव्हा मनाई होती, त्यामुळे सारी भिस्त अंगबळावर आणि रेटारेटीवर असे. ३० जानेवारी १८९२ रोजी जॉर्जिया राज्यातील अथेन्स येथे, विद्यापीठाच्या गावी, जॉर्जियाने मर्सर विद्यापीठाला ५०–० असे हरवले. २० फेब्रुवारीला अटलांटात शेजारच्या अलाबामा राज्यातील ऑबर्नच्या महाविद्यालयाकडून मात्र ०–१० अशी हार पत्करावी लागली. ऑबर्नचा संघ घडवणारे इतिहासाचे प्राध्यापक जॉर्ज पेट्री हेही जॉन्स हॉपकिन्सचेच. या दोन संघांतील चुरस आजही टिकून आहे. हर्टींची प्रशिक्षकाची कारकीर्द या दोन सामन्यांतच आटोपली. मर्सरविरुद्धचा सामना झाला त्या विद्यापीठाच्या आवारातील मैदानाला त्यांचेच नाव आहे.

त्यांचे खरे मोठे काम पाइनच्या जंगलात झाले. टर्पेंटाइनसाठी (रंग-रोगणात वापरायच्या तेलासाठी) राळ गोळा करताना झाडाच्या बुंध्यातच कुऱ्हाडीने खोल खळगा पाडला जाई. झाड कमकुवत होई, वादळात कोसळे, वणव्यात जळे. हर्टींनी खळग्याला फाटा दिला. सालीवरच्या उथळ छेदाखाली पत्र्याच्या दोन तिरप्या पट्ट्या बसवायच्या, त्यांवरून ओघळणारी राळ खाली टांगलेल्या मातीच्या भांड्यात साठवायची. पद्धत साधीच, पण तिने झाडे वाचली आणि राळही अधिक मिळू लागली. प्रयोगशाळेतले ज्ञान थेट मजुराच्या हाती पोचवणारी अशी उदाहरणे विरळा.

पुढे ते नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात प्राध्यापक होते. १९१५ व १९१६ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्षही होते.

दक्षिणेकडच्या पाइनमध्ये राळ फार, म्हणून त्यापासून वर्तमानपत्राचा कागद होणार नाही, असा समज रूढ होता. कोवळ्या झाडांत राळ अगदी कमी असते, हे हर्टींनी सव्हाना येथील प्रयोगशाळेत दाखवून दिले. त्यांच्या कागदावर १९३३ मध्ये जॉर्जियातील काही वर्तमानपत्रे छापली गेली. असा कागद काढणारी पहिली गिरणी टेक्सासमधील लफकिन येथे १९४० मध्ये सुरू झाली. त्याआधीच सव्हाना येथे त्यांचे निधन झाले होते.